रेंजवर साठलेले छर्रे आणि रिकाम्या पुंगळ्या यांचे पुढे काय करावे?

कृष्णाकाठ (सांगली):
आम्ही काही पालकांनी मिळून सांगलीत एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी १० मीटरची लहानशी रेंज चालवायला घेतली आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक मिळवल्यापासून येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, आणि तिच्याबरोबर लक्ष्यामागच्या पेट्यांत साठणारे शिसेही वाढले. एक छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. वीस मुलांनी रोज शंभर छर्रे झाडले, तरी दिवसाला किलोभर शिसे जमते. पंधरा लिटरचा तेलाचा डबा दीड महिन्यात जेमतेम निम्मा भरला, पण तो हलवायला दोघे लागतात. हे शिसे वितळवून मासे धरायच्या फेकजाळ्याच्या घेराला लावायच्या गोळ्या ओताव्यात, असे एका पालकांचे म्हणणे असून त्यांनी रेंजमागे शेगडी आणि जुनी कढई आणूनही ठेवली आहे. हे करणे योग्य ठरेल का? की याच शिशाचे पुन्हा छर्रे करता येतील?

ओतकामवाला (कुपवाड):
कृपया ती शेगडी पेटवू नका. शिसे ३२७ अंशांना वितळते, आणि एवढी उष्णता घरगुती शेगडीवर सहज मिळते; खरी अडचण तिथूनच सुरू होते. तापमान मोजायची सोय नसल्याने रस नको तेवढा तापतो आणि त्यातून विषारी धूर निघतो. वर जी राखाडी मळी येते, ती काढताना तिची भुकटी हवेत उडते, आणि ती धुराइतकीच घातक असते. डब्यात एखादा ओला छर्रा असला, तर त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो. आमच्याकडे कोरड्या दिसणाऱ्या भंगारानेही हा प्रकार केला आहे. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. पुन्हा छर्रे करण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण स्पर्धेचे छर्रे ओतलेले नसतात, ते साच्यात दाबून घडवलेले असतात, आणि त्यांच्या वजनातला बारीकसा फरकही नेम बिघडवतो. शिशाचे भंगार घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येते. म्हणून ते झाकणाच्या घट्ट डब्यात कोरडे साठवावे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यालाच पावती घेऊन द्यावे. गल्लीतला भंगारवाला भाव देईल, पण पुढे तो ते कुठे वितळवतो, हे आपल्याला कळत नाही.

अजिंक्यतारा (सातारा):
आमच्याकडे पॉइंट टू-टूची (०.२२ इंची काडतुसांच्या बंदुकांची) रेंजही आहे, म्हणून पुंगळ्यांविषयी, म्हणजे काडतूस उडाल्यावर उरणाऱ्या पितळी नळ्यांविषयी, लिहितो. या रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि पिनेच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पितळ मात्र चांगले असते, सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पण हजार पुंगळ्या पाऊण किलोही भरत नाहीत, तेव्हा फार कमाईची आशा धरू नये. शस्त्र अधिनियम १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणून आम्ही वापरलेल्या काडतुसांचा आणि पुंगळ्यांचा मेळ नोंदवहीत रोज घालतो आणि विल्हेवाटीपूर्वी शस्त्र परवाना शाखेला विचारतो. न उडालेले काडतूस ढिगात गेले, तर भट्टीत ते उडेल; म्हणून पुंगळ्या हाताने निवडाव्याच लागतात.

आणखी एक, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: पेट्यांखालची जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलांनी छर्रे तोंडात धरू नयेत (ही सवय मी स्वतः पाहिली आहे) आणि हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावू नये. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण ठरलेले नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. जाळ्यासाठी शिशाऐवजी बारीक लोखंडी साखळी चालेल, असे नदीवरच्या भोईकाकांनीच सांगितले. शेगडी परत पाठवली. कढई कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊ नये, म्हणून तिच्या बुडाला ड्रिलने तीन भोके पाडली आहेत.