स्क्रबरचा (वायू पाण्याने धुणाऱ्या टॉवरचा) डीपी, म्हणजे हवेचा दाबफरक, दुप्पट झालाय, व्हेंडर म्हणतो पूर्ण पॅकिंग बदला. खरंच बदलायचं का?

लोटे_ईएचएस
नमस्कार. आमच्या प्लांटला एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) वायू धुणारा पॅक्ड टॉवर आहे: हवा खालून वर, पाणी वरून खाली. पीपी-एफआरपी (आत पॉलिप्रॉपिलीन, बाहेर फायबरग्लास), व्यास १००० मिमी, आत ३ मीटर पॅकिंग, म्हणजे ३८ मिमीच्या पीपी पॉल रिंग्ज (जाळीदार प्लास्टिक कड्या). ब्लोअर साधारण ४५०० घनमीटर तासाला, सर्क्युलेशन पंप १५ घनमीटर. नवा होता तेव्हा पूर्ण टॉवरचा डीपी ७०-८० मिमी पाणी असायचा, आता १६० च्या आसपास. सकाळी स्टॅकमधून (चिमणीतून) पांढरा धूर दिसतो आणि खालच्या वाडीतून फोन येतात. पीएच ८ ते ९ धरलेला आहे, पाणी बोअरचं. व्हेंडर म्हणतो पॅकिंग संपलं, सगळं नवीन टाका. त्याच्या कोटेशनवर सही करण्याआधी कोणी सांगेल का, आणखी काय तपासावं?

पाताळगंगा_प्रोसेस
बोअरचं पाणी म्हटलं की आधी स्केल (क्षारांचा थर). पीएच धरायला घातलेलं कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्याचा कार्बोनेट होतो आणि पाण्यातलं कॅल्शियम रिंगांवर पांढरं बसतं. डायल्यूट ॲसिडने धुवा, निघून जाईल. मात्र त्याच टॉवरला क्लोरीन येत असेल तर संपमध्ये (तळाच्या टाकीत) हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असतो. संप पूर्ण रिकामा करून पाण्याने धुतल्याशिवाय ॲसिड घालू नका, क्लोरीन सुटेल.

अंबरनाथ_फॅब्रिकेटर
ताई, सही करू नका. निदान आठ दिवस थांबा.

मी टॉवर बनवतो आणि बंद पडलेले उघडतोही. पीपीची रिंग सहसा आपणहून "संपत" नाही. वाईट होतं ते तिच्या वरचं आणि खालचं. खरेदीच्या कागदावर मात्र पॅकिंगच मोठं दिसतं, म्हणून सगळे तिथेच हात घालतात. सपोर्ट प्लेट (रिंगा जिच्यावर उभ्या), डिस्ट्रिब्यूटर (वरून पाणी वाटणारा), बेड लिमिटर (रिंगा वर उडू न देणारी जाळी), डेमिस्टर (शेवटी थेंब अडवणारं मेश पॅड) यांची एकेक ओळ असते आणि टॉवर चालतो तो याच चार ओळींवर.

१६० मिमी हा पूर्ण टॉवरचा आकडा आहे. तो कुठे खर्च होतोय हे त्यातून कळत नाही, म्हणून आधी त्याचे तुकडे करा. सपोर्ट प्लेटच्या लगेच वर पॅकिंग काढायचं हँडहोल असतं. पुढच्या बंदमध्ये त्याच्या ब्लाइंडला (झाकणाला) एक टॅपिंग, म्हणजे दाब मोजायचं भोक, मारून घ्या, वरच्या मॅनहोलच्या झाकणाला दुसरं. पारदर्शक नळी आणि रंगीत पाण्याची यू-ट्यूब पुरते. मग तीन आकडे मिळतील: प्लेटचा, बेडचा (रिंगांच्या थराचा), डेमिस्टरचा. तुमच्या हवेला आणि पाण्याला ३८ मिमीची स्वच्छ रिंग मीटरमागे वीस-बावीस मिमी घेते, म्हणजे बेडचे साठ-पासष्ट. त्याहून बरंच जास्त बेडमध्येच आलं तर व्हेंडरचं खरं, आणि ते मी इथेच मान्य करीन.

प्लेट कशी आहे तेही बघा. सपाट, भोकं पाडलेली असेल तर माझा संशय तिच्यावर. रिंगांच्या बेडमध्ये नव्वद टक्के जागा मोकळी असते आणि खाली प्लेट जेमतेम चाळीस टक्के उघडी. त्यातही रिंगा भोकांवरच आडव्या बसतात. त्याच भोकातून पाणी खाली यायचं, त्याच भोकातून हवा वर जायची. मीठ साचलं किंवा रिंगेचा तुकडा अडकला की प्लेटवर पाण्याचं तळं होतं आणि तिथूनच टॉवर फ्लड व्हायला, म्हणजे पाण्याने तुंबायला लागतो. कमानीसारखी उंचवटे असलेली प्लेट घेतली तर हवा बाजूच्या फटीतून वर जाते आणि पाणी तळाच्या फटीतून खाली. भांडण मिटतं.

आता वरचं. तुमच्याकडे मधे एकच नोझल असणार. ते किती डिग्रीचं आणि पॅकिंगपासून किती उंच? ९० डिग्रीचं नोझल ३०० मिमी उंचीवर असेल तर खाली ६०० मिमीचाच गोल भिजतो, म्हणजे टॉवरच्या क्षेत्रफळाचे ३६ टक्के. बाकी रिंगा कोरड्या, आणि हवा कोरड्या भागातूनच पळते. त्यासाठी पंप मोठा करून उपयोग नाही. तुमच्या पंपाचं पाणी पुरेसं आहे. ही रिंग भिजायला तासाला आठ-साडेआठ घनमीटर लागतं. प्रश्न आहे तो वाटपाचा. प्लांट आयसोलेट, ब्लोअर बंद, परमिट, गॅस टेस्ट, मग वरचं मॅनहोल उघडून नुसतं पाणी फिरवा आणि बाहेरूनच बॅटरी मारून बघा. आत डोकं घालायची गरज नाही. कृपा करून कोणाला घालूही देऊ नका.

लोटे_ईएचएस
काका, शटडाऊनमध्ये टॅपिंग मारले आणि सुरू केल्यावर आकडे घेतले. प्लेट ९०, बेड ६२, डेमिस्टर ८. हँडहोल उघडलं तेव्हा खालच्या काही रिंगा चपट्या झालेल्या दिसल्या आणि प्लेटची भोकं मिठाने व तुकड्यांनी भरलेली. प्लेट सपाटच आहे. वर नोझल हॉलो कोन निघालं: कडेला एक गोल भिजतो, मधलं कोरडं!

अंबरनाथ_फॅब्रिकेटर
आकड्यांनीच सांगितलं. तुमचं बेड ठीक आहे. पॅकिंग काढा, धुवा, चपट्या रिंगा वेगळ्या करा, तेवढी भर घाला आणि प्लेट बदला. रिंगा चपट्या का झाल्या तेही शोधा. रिॲक्टरचा गरम व्हेंट सरळ येत असेल तर पीपी नरम पडतं आणि वरच्या बेडचं वजन खालचीच रिंग सोसते. आत येणारा गॅस ८० अंशांच्या बराच खाली ठेवा, लागल्यास आधी क्वेंच घ्या, म्हणजे पाणी फवारून गॅस थंड करा.

नोझलच्या जागी भोकांचा पॅन किंवा ट्रफ डिस्ट्रिब्यूटर बसवा. या व्यासाला पन्नासेक ठिकाणी पाणी पडलं पाहिजे. १५ घनमीटरला १० मिमीची भोकं ठेवलीत तर पॅनमध्ये पंधरा-सोळा सेंटिमीटर पाणी उभं राहतं, म्हणजे सगळी भोकं सारखी वाहतात. शिवाय या मापाचं भोक लवकर चोकही होत नाही. लेव्हल काटेकोर लावा, पॅन कलला की एका बाजूची भोकं कोरडी पडतात. ३ मीटरच्या बेडला मधे रीडिस्ट्रिब्यूटर (पाणी पुन्हा वाटणारा) लागत नाही, त्यात पैसे घालू नका. बेड लिमिटर मात्र भिंतीला पक्का हवा. पीपी पाण्यावर तरंगतं. टॉवर एकदा फ्लड झाला की रिंगा थेट डिस्ट्रिब्यूटरमध्ये घुसतात.

पाताळगंगा_प्रोसेस
पटलं. ॲसिड वॉशने ९० मिमी तात्पुरते कमी झाले असते आणि सपाट प्लेटवर पुन्हा मीठ बसलं असतं. ब्लो-डाऊनही (फिरणारं पाणी थोडं थोडं काढून टाकणं) वाढवा, खारट पाणी फिरवत राहिलात तर मीठ कुठेतरी बसणारच.

कुरकुंभ_पर्यावरण
पांढऱ्या धुराचं काय? १००० मिमीच्या टॉवरमध्ये ४५०० घनमीटर म्हणजे सेकंदाला १.६ मीटर. मेश पॅडला हा वेग चांगला, आणि डीपी ८ म्हणजे पॅड चोकही नाही. थेंब वाहून येत असतील असं वाटत नाही. टॉवरकडे येणाऱ्या मुख्य डक्टला अमोनियाचा किंवा अमाइनचा व्हेंट जोडलाय का?

लोटे_ईएचएस
हो! दुसऱ्या रिॲक्टरचा अमोनिया व्हेंट मागच्या वर्षी त्याच डक्टमध्ये टाकलाय. धूर तेव्हापासूनच दिसतोय, आता लक्षात येतंय.

कुरकुंभ_पर्यावरण
मग तो अमोनियम क्लोराइड आहे. डक्टमध्येच दोन्ही वायू भेटतात आणि मायक्रॉनहून बारीक कण तयार होतात. ते ना रिंगांवर थांबतात ना मेश पॅडवर, कितीही चांगली प्लेट लावा. अमोनियाचा व्हेंट वेगळा करून त्याला डायल्यूट सल्फ्युरिकचा छोटा स्क्रबर द्या. वाडीला त्रास होतोय, तेव्हा हे प्लेटच्या कामाची वाट न बघता आधी करा.

लोटे_ईएचएस
डक्टचा स्केच उद्या इथे टाकते. व्हेंडरला पॅकिंगऐवजी प्लेट, पॅन आणि लिमिटरचं कोटेशन मागितलंय. काका, प्लेटच्या ड्रॉइंगवर तुमची एक नजर हवी आहे.