माझ्या पोराची कुस्ती मी शूट करणारच. बंदी घालायची तर आधी मॅटला कॅमेरा लावा!

पैलवानाची आई:
परवा इथे एका क्रीडाशिक्षकांनी लिहिलं की शालेय कुस्त्यांना प्रेक्षकांच्या मोबाइलवर सरसकट बंदी घाला, कारण पालक शूटिंग करतात आणि मग पंचांच्या अंगावर धावून जातात. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा 17 वर्षांखालील, 48 किलोच्या गटात लढतो. गेल्या वर्षी जिल्ह्याला उपांत्य फेरीत 4-4 असताना शेवटची वीसेक सेकंदं उरली होती. यानं एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून, समोरच्याला कडेला रेटत नेलं. त्याची टाच मॅटच्या कडेच्या पट्ट्याबाहेर टेकली, म्हणजे तिथंच आमचा एक गुण. शिट्टी वाजली नाही. कुस्ती चालू राहिली, तो पलटला आणि दोन गुण घेऊन गेला. वस्ताद चॅलेंज मागायला, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासा म्हणायला उठले तर उत्तर आलं, "इथं व्हिडिओच नाही, चॅलेंज कसलं?" माझ्या मोबाइलमध्ये टाच स्पष्ट दिसत होती. बाहेरचं चित्रण ग्राह्य धरत नाहीत, हे मान्य. पण घरी पोरगं ती क्लिप पुन्हा पुन्हा बघत बसलं. आधी रडलं, मग म्हणालं, "आई, कडेला गेल्यावर मी डोकं बाहेर काढलं बघ, म्हणून तो पलटला." हे त्याला कुणी शिकवलं? तालीम तीस पोरांची, वस्ताद एक. ती क्लिपच आमची शिकवणी आहे.

मुलीचा बाप:
ताई, तुमचं दुःख एका गुणाचं आहे. माझं ऐका. माझी पोर 46 किलोत लढते. तालुक्याच्या कुस्त्यांना गॅलरीतून कुणीतरी तिला शूट केलं. ती खाली असताना, भारंदाज, म्हणजे कमरेला विळखा घालून लोळवायचा डाव, लागत असताना, नेमकं तेवढंच कापून, हळू करून, वर गाणं लावून टाकलं. खालच्या कमेंटी मी बायकोला दाखवल्या नाहीत, पण पोरीपर्यंत वर्गातून पोचल्या. तीन आठवडे तालमीत गेली नाही. आजही नाव पुकारेपर्यंत ट्रॅकसूट अंगावरून काढत नाही. तुमच्या पोराच्या कॉश्च्युमकडे आणि माझ्या पोरीच्या कॉश्च्युमकडे बघणारे डोळे एक नसतात. बंदीच हवी.

पैलवानाची आई:
त्या माणसावर गुन्हा दाखल व्हायला हवा होता. पण शिक्षा मला का?

मुलीचा बाप:
कारण गॅलरीत दोनशे मोबाइल वर असतात तेव्हा त्यातला तो कोणता, हे मला ओळखता येत नाही.

वकिली शिकतोय:
2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. विषय संपला.

बावीस वर्षं पंच:
साहेब, त्याच कायद्यात वैयक्तिक, घरगुती वापराला सूट आहे. अर्धा कायदा सांगू नका.
आणि ताई, पालक एका कोपऱ्यातून शूट करतो. तिथून खांदा टेकलेला दिसतो, माझ्या बाजूने बोटभर उजेड दिसतो. फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे-पृथ्वीराज मोहोळ कुस्तीच्या किती क्लिपा फिरल्या! शिवराज चितपट झाला की नाही, हा वाद मिटला का? पंचाला लाथ बसली, शिवराजवर तीन वर्षांची बंदी आली आणि महाराष्ट्र अजून दोन गटांत भांडतोय. माझी स्वतःची कॉलर जिल्ह्याच्या कुस्त्यांत फाटलीय. धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

पैलवानाची आई:
कॉलर फाडणाऱ्याला बाहेर काढा. पण वरच्या पातळीवर मॅटला कॅमेरा असतो, चॅलेंज मागायला वस्ताद मॅटवर स्पंज टाकतात, चॅलेंज फेटाळलं तर समोरच्याला एक गुण मिळतो. नियम एकच ना? मग आमच्या पोरांना अर्धाच का?

लाल माती:
शूटिंग बंद करायचंच तर पहिल्यांदा वजनं घेतात तिथं करा. पोरं चड्डीवर काट्यावर उभी असतात आणि कुणीतरी स्टेटसला टाकतं, "आमचा वाघ 48 मध्ये बसला". त्या वाघाचे गाल बघितलेत? पहाटे आतून प्लॅस्टिक, वरून दोन स्वेटर घालून मैदानाला चकरा, हातात बाटली, तीही थुंकायला. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नाही.

कोल्हापुरी पट:
वजन तोडल्याशिवाय कुस्ती होत नाही. अमन सेहरावतनं पॅरिसला दहा तासांत 4.6 किलो उतरवलं आणि कांस्य आणलं. एसीत बसून कुस्ती शिकवू नका.

लाल माती:
अमन 21 वर्षांचा होता आणि शेजारी अख्खा चमू उभा होता. तुमचं पोरगं नववीत आहे. 1997 मध्ये अमेरिकेत सव्वा महिन्यात तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना मेले, तेव्हा तिथं घाम काढायच्या रबरी सूटवर बंदी आली. आपण काय, कुणी मरायची वाट बघायची?

कोल्हापुरी पट:
विनेश फोगाट पॅरिसला 100 ग्रॅमनं बाद झाली, विसरलात? काटा दया करत नाही. पोरांना आत्तापासून सवय नको?

लाल माती:
त्याच दिवशी विनेशला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तेही आठवा. मी स्वतः सोळाव्या वर्षी वजन देऊन आल्यावर पायऱ्यांवर कोसळलोय. शुद्धीत आलो तेव्हा वस्ताद विचारत होते, "लढतोस ना?" लढलो. पहिल्या मिनिटात चितपट. ताई, राग येईल, पण विचारतो. तुमचं पोरगं एरवी किती किलोचं?

पैलवानाची आई:
51. त्याचा इथं काय संबंध?

लाल माती:
शेवटच्या वीस सेकंदांत डोकं बाहेर निघालं म्हणता. ते चुकलं की अंगात ताकदच नव्हती?

पैलवानाची आई:
माझ्या पोराला मी उपाशी मारते असं म्हणायचंय का तुम्हाला? कोण तुम्ही? घरी कधी येऊन बघितलंय, त्याला काय खुराक असतो ते?

बावीस वर्षं पंच:
सगळे जरा थांबा. विषय मोबाइलचा आहे. माझं एवढंच: आयोजकांनी प्रत्येक मॅटला एक तिपाई, एक फोन लावावा, ते चित्रण मॅट चेअरमनच्या, म्हणजे त्या मॅटच्या प्रमुख पंचाच्या ताब्यात राहावं. खर्च फारसा नाही. हे मी बैठकीत मांडलं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, त्याला चार वर्षं झाली. त्यामुळे ताईंचं बंदीआधी कॅमेऱ्याचं म्हणणं मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय.

मुलीचा बाप:
मॅट चेअरमनकडचं चित्रण चालेल. गॅलरी नको.

पैलवानाची आई:
रात्री क्लिप परत लावली. इतके दिवस मी टाचच बघत होते. शेवटच्या मिनिटाला पोरगा दोनदा मांडी चोळतोय, ओठ पांढरे पडलेत. लाल माती, तुमचं बोलणं आवडलेलं नाही, पण यंदा त्याला 51 मध्येच उतरवणार, वस्तादांना सकाळीच सांगून आले. आणि हे मला त्या क्लिपमुळेच दिसलं, म्हणून शूटिंग सोडणार नाही.

मुलीचा बाप:
तुमच्या पोराचं करा. माझी पोर मॅटवर आली की मोबाइल खाली ठेवा.

पैलवानाची आई:
ठेवीन. शेजारच्याचाही खाली करायला लावीन.