मदत हवी आहे: सातवी विंडो उघडतच नाही, सहा उघड्या असल्या की सेव्हही अडकतं (ईव्हेंटसोर्स)

एकच पान बऱ्याच विंडोंमध्ये उघडं असतं. एकीत नोंद बदलली की बाकीच्यांत ती आपोआप दिसावी, एवढंच काम आहे. सर्व्हर नोडवर, त्याच्यापुढे एन्जिनएक्स (विनंत्या पुढे पोचवणारा मधला प्रॉक्सी), आणि सगळं अंतर्गत नेटवर्कवर साध्या एचटीटीपीने चालतं. अपडेट पाठवायला ईव्हेंटसोर्स (सर्व्हरकडून ब्राउझरला संदेश येत राहावेत म्हणून उघडं ठेवलेलं कनेक्शन) वापरलंय.

पाच विंडोंपर्यंत काही तक्रार नाही. सहावी उघडली की अपडेट येत राहतात, पण कुठेही 'सेव्ह' दाबलं की चक्र फिरत बसतं, अगदी पहिल्या विंडोतसुद्धा. सातवी तर उघडतच नाही, नुसतं पांढरं पान. कन्सोलमध्ये एक लाल ओळ नाही. नेटवर्क टॅबमध्ये विनंती 'पेंडिंग' दिसते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ती आल्याची खूणच नाही. आणखी एक विचित्र गोष्ट: कुठलीही एक विंडो बंद केली की अडकलेलं सेव्ह त्याच क्षणी होऊन जातं.

एन्जिनएक्सचं बफरिंग (उत्तर साठवून मग पुढे पाठवणं) बंद आहे, टाइमआउट वाढवून झाले. वेबसॉकेटवर (दुतर्फा चालणारं कनेक्शन) जायचं तर बरंच काही नव्याने लिहावं लागेल, म्हणून आधी विचारतोय. चूक नक्की कुठे शोधू?

प्रतिसाद १

सर्व्हरला कशाला त्रास? लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची स्वतःची साठवण) किंमत लिहा आणि बाकी विंडोंत 'स्टोरेज' इव्हेंट ऐका. चार ओळींचं काम.

प्रतिसाद २

वरचा उपाय इथे पुरणार नाही. 'स्टोरेज' इव्हेंट फक्त त्याच ब्राउझरमधल्या इतर विंडोंना कळतो. दुसऱ्या मशीनवर कोणी नोंद बदलली तर त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय ज्या विंडोने लिहिलं तिच्यात तो येत नाही, आणि तीच किंमत पुन्हा लिहिली तर कुठेच येत नाही. यात भले भले अडकतात.

धागाकर्त्यांना एक विनंती: नेटवर्क टॅबमध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'प्रोटोकॉल' रकाना चालू करा आणि काय दिसतं ते सांगा. दुसरं, सहा विंडो उघड्या असताना सातवी सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्त्याने उघडून पाहा.

धागाकर्ता

प्रोटोकॉल 'एचटीटीपी/१.१'. आयपी पत्त्याने सातवी विंडो लगेच उघडली! म्हणजे सर्व्हर ठीक आहे?

प्रतिसाद २

सर्व्हर एकदम ठीक आहे. विनंती ब्राउझरच्या बाहेरच पडत नाहीये, म्हणून तर लॉग कोरा. एचटीटीपी/१.१ वर ब्राउझर एका होस्टला (सर्व्हरचं नाव किंवा पत्ता) एका वेळी सहाच कनेक्शन उघडतो, आणि ही सहा सगळ्या टॅब-विंडोंत मिळून असतात. साधी विनंती काम उरकून जागा मोकळी करते. ईव्हेंटसोर्स मात्र जागा धरून बसतं. सहा विंडोंनी सहाही जागा अडवल्या की सेव्हला जागा उरत नाही. ही तक्रार क्रोम आणि फायरफॉक्सकडे पूर्वीच गेली होती आणि दोघांनीही 'दुरुस्त करणार नाही' असा शेरा मारून ती मिटवली. आयपीने उघडल्यावर ब्राउझरच्या लेखी तो वेगळा होस्ट, म्हणून नव्या सहा जागा.

सरळ उपाय एचटीटीपी/२. त्यात एकाच कनेक्शनवरून अनेक प्रवाह जातात. एन्जिनएक्समध्ये एका वेळच्या प्रवाहांची मर्यादा मुळात १२८ असते. पण ब्राउझर एचटीटीपी/२ फक्त एचटीटीपीएसवरच बोलतात, तेव्हा अंतर्गत नेटवर्क असलं तरी सर्टिफिकेट लागेल.

प्रतिसाद ३

सर्टिफिकेट लगेच मिळणार नसेल तर एकाच विंडोला ईव्हेंटसोर्स उघडू द्या आणि तिने ब्रॉडकास्टचॅनलवरून (एकाच साइटच्या विंडोंनी एकमेकींना संदेश पाठवायची ब्राउझरमधली सोय) बाकीच्यांना कळवावं. ती विंडो बंद झाली की दुसरीने जागा घ्यायची. यासाठी वेब लॉक्स (एका वेळी एकाच विंडोला मिळणारं ब्राउझरमधलं कुलूप) फार सोयीचं: कुलूप धरलेली विंडो गेली की रांगेतल्या पुढच्या विंडोला ते आपोआप मिळतं.

प्रतिसाद २

कल्पना चांगली, पण वेब लॉक्स फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या, पानांवर चालतं. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे स्वतःच्या मशीनवर सगळं छान चालेल आणि साध्या एचटीटीपीच्या सर्व्हरवर टाकलं की 'लॉक्स' सापडणारच नाही. शेअर्डवर्करला (सगळ्या विंडोंसाठी मागे चालणारी एकच स्क्रिप्ट) ही अट नाही. वर्करमध्ये एकच ईव्हेंटसोर्स ठेवा, आलेला प्रत्येक संदेश ब्रॉडकास्टचॅनलवर टाका, विंडोंनी फक्त ऐकावं. विंडो कितीही उघडा, कनेक्शन एकच.

दोन गोष्टी सांभाळा. कनेक्शन तुटून ईव्हेंटसोर्स स्वतः पुन्हा जोडतं तेव्हा शेवटच्या संदेशाचा क्रमांक सर्व्हरला आपणहून पाठवतं. पण वर्कर नव्याने सुरू झाला तर तो क्रमांक जात नाही आणि मधले बदल निसटतात. तो पत्त्यातच जोडून पाठवा, किंवा पान उघडताना पूर्ण यादी एकदा मागून घ्या. मी दुसरा मार्ग घेईन, त्यात विचार कमी करावा लागतो. आणि सर्व्हरकडून दर १५ सेकंदांनी कोलनने (:) सुरू होणारी एक ओळ पाठवत राहा. ब्राउझर ती दुर्लक्षितो, पण मधला प्रॉक्सी कनेक्शन निष्क्रिय समजून तोडत नाही.

धागाकर्ता

शेअर्डवर्कर लावला. दहा विंडो उघडल्या, सगळीकडे अपडेट येतात, सेव्हही होतं. सर्टिफिकेटची मागणी वेगळी टाकली आहे. फक्त एक उरलं: वर्करमधले लॉग पानाच्या कन्सोलमध्ये दिसत नाहीत, आणि कोड बदलून पान रिफ्रेश केलं तरी जुनाच वर्कर चालू राहतो.

प्रतिसाद ३

लॉग क्रोममध्ये इन्स्पेक्टच्या पानावर (chrome://inspect), 'शेअर्ड वर्कर्स'खाली. जुना वर्कर शेवटची विंडो बंद होईपर्यंत जिवंत राहतो. वर्करच्या फाइलच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक घाला, तो बदलला की नवा वर्कर सुरू होईल. जुन्या विंडो रिफ्रेश होईपर्यंत दोन वर्कर शेजारी शेजारी चालतील आणि दोन्ही एकाच चॅनलवर बोलतील, तेव्हा चॅनलच्या नावातही तोच क्रमांक ठेवा, नाहीतर प्रत्येक बदल दोनदा दिसेल.