प्रति: उष्णतेच्या ताणावर हळद आणि आवळा

हळद किंवा आवळ्याची भुकटी खाद्यात मिसळली की कोंबड्यांचा उष्णतेचा त्रास थांबतो, हे वर मांडलेले मत मला अर्धेच पटते. घामाच्या ग्रंथी नसल्याने कोंबडी धापा टाकून शरीर थंड ठेवते. त्यात कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून गेल्याने रक्तातील बायकार्बोनेट (कवच तयार होण्यासाठी लागणारा घटक) घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते, जे हळदीने थांबणारे नाही. हळदीतील कर्क्युमिन आणि आवळ्यातील क जीवनसत्त्व पेशींचे ऑक्सिडीकरणाने होणारे नुकसान कमी करण्यास मदत करतात, एवढेच. शुगरबीटपासून (साखर काढतात त्या बिटापासून) मिळणारे बीटेन हे संयुग पेशींतील पाणी टिकवण्यास मदत करते, म्हणून मी त्याला अधिक महत्त्व देईन. शिवाय उकाड्यात पक्षी मुळातच कमी खातो (हे सहसा विसरले जाते), त्यामुळे खाद्यातून पोटात जाणारी मात्राही घटते. तेव्हा पूरके उष्णतेची लाट येण्याआधीच सुरू करावीत.