पुराचं नुकसान रिटर्नमध्ये कुठे बसतं? (सोसायटी ग्रुप, चाळीसगाव)

वहिनी, ए-002: तळमजल्यावर सगळ्यांचं फ्रीज, सोफा, प्लास्टर गेलं. इन्कम टॅक्समधून वजा होतं का?

नाना, बी-301: नाही वहिनी. राहत्या घराच्या सामानाला आपल्या कायद्यात वजावटच नाही. घर भाड्याने दिलेलं असलं तरी दुरुस्तीसाठी भाड्याच्या 30 टक्के सरसकट मिळतात, तेवढेच. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर राहत्या घरावर वर्षाला 30,000 पर्यंत व्याज, तेही जुन्या कर-पद्धतीत (रिजीम). मात्र सरकारी मदत खात्यात आली तर ती करमुक्त, कलम 10(10बीसी). 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, सीएला विचारून घ्या.

आबा, सी-104: आणि दुकानातला माल? तितूर नदीचं पाणी कमरेएवढं होतं भो.

नाना, बी-301: तो धंद्याचा तोटा, पूर्ण वजा होतो. विम्याचे मिळाले तेवढे कमी करायचे. पण तलाठ्याच्या पंचनाम्यावर विसंबू नका. त्यात ‘दुकानात पाणी, अंदाजे नुकसान’ एवढंच असतं, नगवार यादी नसते. खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, टॅलीचा शेवटचा बॅकअप जोडा. गठ्ठे फेकण्याआधी लेबल दिसेल असे फोटो. विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही हलवू नका. सीसी (मालावर कर्जाचं, कॅश क्रेडिट) खातं असेल तर बँकेने विमा काढलाय का, तेही बघा.

ताई, बी-204: जीएसटी विसरू नका. नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे परत करावं लागतं, जीएसटीआर-3बी रिटर्नमध्ये 4(बी)(1) ला. 4 लाखांचं कापड 5 टक्क्यांचं असेल तर 20,000. ते तोट्यात धरा: 4,20,000. विमा अडीच लाख मिळाला तर निव्वळ 1,70,000. ओला माल स्वस्तात विकला तर तो नष्ट नाही, त्याचं क्रेडिट परत करायचं नाही. बिल करा, जीएसटी लावा.

नाना, बी-301: एक नेहमीचा घोळ. वर्षअखेरच्या शिलकी मालातून भिजलेला माल वगळला की तोटा आपोआप नफ्यातोट्यात येतो. वर परत ‘पुराचं नुकसान’ खर्चात टाकलं तर दुबार. वेगळं दाखवायचं तर ट्रेडिंग (खरेदी-विक्रीच्या) खात्याला तेवढंच जमा करा. काउंटर, एसी खर्चात नको. विम्याचे पैसे त्या ब्लॉकमधून (एकाच घसारा दराच्या वस्तूंच्या गटातून) वजा होतात, उरलेल्यावर घसारा चालू राहतो.

आबा, सी-104: मी 44एडी, विक्रीच्या 8 टक्के अंदाजे नफा दाखवायच्या स्कीमवाला.

नाना, बी-301: मग आबा, वेगळा तोटा नाही. 8 टक्के नफा धरताना सगळे खर्च वजा झालेलेच असतात. खरा हिशेब दाखवायचा तर स्कीम सोडा, पण मग पुढची 5 वर्षं परत शिरता येत नाही. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही. थोडक्या तोट्यासाठी मी तरी सोडणार नाही. मोठा असेल तर आयटीआर-3 मुदतीत भरा, तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो. उशीर झाला की गेला.

दादा, डी-402: रावेरकडे वादळात केळी आडवी झाली, ती पगारातून?

ताई, बी-204: नाही दादा. शेतीचं उत्पन्नच करमुक्त, म्हणून तोटाही पगारातून वजा होत नाही. फळपीक विम्याचं बघा, नुकसान कळवायची मुदत मोजून तासांची असते.

दादा, डी-402: आत्ताच कळवतो.