रक्तदाबासाठी चिनी सूप: जेवण म्हणून की उपाय म्हणून?

शंगवानकरीण: मंडळी, मी ११ वर्षं हाँगकाँगला आहे. शंग वान भागात सुकी मासळी आणि जडीबुटी विकणाऱ्या दुकानांच्या रांगाच आहेत. शेजारच्या आजींनी मला मंद आचेवरचं कँटनी सूप शिकवलं. कोंबडी, मूठभर गोजी बेरी, तु-चुंग या चिनी औषधी झाडाची साल, आणि २-३ तास उकळू द्यायचं. साल मोडली की आतून पांढरे, चिकट धागे ताणले जातात. ते दिसले नाहीत तर साल घ्यायची नाही, असं आजी बजावतात. वर्षभर आठवड्यातून दोनदा करते आहे. वरचा दाब १५० च्या आसपास असायचा, आता १३५ येतो. डॉक्टरांनी गोळीसोबत हेही सुचवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

खलबत्ता: ताई, सूप खुशाल प्या. पण दाब सुपानेच उतरला हे कशावरून? तु-चुंगच्या भक्कम चाचण्या झालेल्या नाहीत. मला खरी काळजी जडीबुटीच्या तयार पुड्यांची वाटते. चिनी काढ्यांत कान-त्साव सर्रास असतं, म्हणजे आपल्या जेष्ठमधाचं सख्खं भावंड. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडात कॉर्टिसोल या संप्रेरकाला निकामी करणारं एन्झाइम अडवतं. मग अंगात सोडियम साठतं, पोटॅशियम निघून जातं आणि दाब चढतो. ज्यासाठी प्यायचं त्याच्या अगदी उलट! तान-शेन हे मूळ तर वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतं. मी औषधाच्या दुकानात बसतो. 'नैसर्गिक आहे' म्हणून गोळी सोडलेली माणसं रोज बघतो, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

सह्याद्रीपुत्र: असहमत. झाडपाल्याला इतकं हिणवू नका. सर्पगंधेवरचा डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. मुंबईच्या डॉक्टरांनी आपलीच मुळी जगापुढे ठेवली. चीनमध्ये त्याच सर्पगंधेतल्या रिसर्पिनच्या मिश्र गोळ्या आजही दाबासाठी देतात.

खलबत्ता: अहो, हा दाखला तर माझ्याच बाजूचा! डॉ. वकील यांनी रुग्णांवर तपासून, दाब मोजून लिहिलं. गोळीत रिसर्पिन किती ते छापलेलं असतं. पातेल्यातल्या सालीतून किती उतरलं, ते कोण सांगणार?

मीरा_ठाणे: मीठ किती घालता? सोया सॉस?

शंगवानकरीण: मीरा, सूप जवळजवळ अळणीच असतं, सॉस नाही. खलबत्ता, एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती: मार्चमध्ये डॉक्टरांनी माझी दाबाची गोळी अॅम्लोडिपिन अडीचवरून ५ मिलिग्रॅम केली. तरी सूप सोडणार नाही. भाजी-मांसाचं ताजं, बिनमिठाचं जेवण त्यामुळे माझ्या घरात आलं, हा फायदा मला खरा वाटतो. पण तुमचं वाचून कपाटातली तयार पुडी उघडली. त्यात पिवळसर, तिरक्या कापलेल्या गोड चकत्या आहेत. त्या जेष्ठमधाच्याच ना?

खलबत्ता: वर्णन तेच आहे. पुडी बाजूला ठेवा आणि पुढच्या तपासणीला जाताना सोबत न्या.