मदत हवी आहे: कॅनकूनहून एका दिवसात चिचेन इत्झा आणि सेनोटे (सोबत आईबाबा)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले, पण मेक्सिकोबद्दल जे सापडलं ते सगळं पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या पंचविशीतल्या मुलांचं. माझं प्रकरण जरा वेगळं आहे.

आम्ही ह्यूस्टनला असतो. आईबाबा सांगलीहून आलेत. नाताळच्या आठवड्यात पाच जण चार रात्रींसाठी कॅनकूनला चाललोय. हॉटेल आणि विमान दोन्हीचे पैसे भरून झालेत, आता त्यात बदल होणार नाही. बाबांना (६८) चिचेन इत्झा, म्हणजे माया लोकांचं पिरॅमिडवालं जुनं शहर, बघायचंच आहे. २००७ साली जगातल्या नव्या सात आश्चर्यांसाठी ताजमहालाला मतं द्या म्हणून आपल्याकडे एसेमेसचा पाऊस पडला होता, आठवतंय? बाबांनी तेव्हा शाळेच्या शिक्षकखोलीत बसून मतं पाठवली होती. त्याच यादीत चिचेन इत्झा निवडून आलं, त्यामुळे "ताजच्या शेजारी कोण बसलंय ते बघून येतो" असं गेले दोन महिने चाललंय.

आईचा (६४) उजवा गुडघा कुरकुरतो. चढते, पण उतरताना कठडा धरून एकेक पायरी. शिवाय पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मुलगा सात वर्षांचा, त्याला फक्त सेनोटेत, म्हणजे तिथल्या नैसर्गिक विहिरीत, डुंबायचंय.

नेटवर एक सहल दिसतेय: सकाळी पावणेसातला हॉटेलवरून बस, आधी सेनोटे, मग जेवण, मग चिचेन इत्झा, मग वायादोलिद गाव, रात्री आठला परत. भाव इतका कमी आहे की शंका येते. आईला झेपेल का? सेनोटेत उतरायला किती पायऱ्या असतात? तिथे पोहायचा पोशाख सक्तीचा असतो का? (आई तो घालणार नाही, विषय संपला.) आणि जेवायचं काय?

---

भटकभवानी

अगं, ती बस घेऊ नकोस. आम्ही घेतली होती. पावणेसातला निघालो खरे, पण आणखी सहा हॉटेलं हिंडून माणसं गोळा केली, मग एका मोठ्या वाहनतळावर उतरवून दुसऱ्या बसमध्ये बसवलं. शहराबाहेर पडायलाच नऊ वाजले. वाटेत 'माया सहकारी केंद्र' म्हणून एका दुकानात पाऊण तास. तिथे टकिला पाजतात आणि चांदीच्या पट्टीवर तुमचं नाव माया लिपीत कोरून गळ्यात मारतात. प्रवेशाचे पैसे भावात धरलेलेच नव्हते, ते बसमध्ये हातात मशीन घेऊन वसूल केले. पिरॅमिडसमोर पोचलो ते भर दुपारी, आणि हातात सव्वा तास. वायादोलिद बसच्या काचेतून पाहिलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच असतं.

---

जुनाखोड

मी तीनदा गेलोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी घड्याळ. कॅनकून किंताना रू राज्यात आहे आणि चिचेन इत्झा युकातान राज्यात. दोन्हींच्या वेळेत एक तासाचा फरक आहे, कॅनकून पुढे. मेक्सिकोने २०२२ साली उन्हाळी वेळ मोडीत काढली, पण हा फरक राहिलाच. तो तुमच्या पथ्यावर पडतो. अंतर सुमारे २०० किलोमीटर, टोलच्या रस्त्याने अडीच तास. कॅनकूनच्या घड्याळाने सव्वासहाला निघालात तर पावणेनऊला पोचाल, आणि तिथे तेव्हा पावणेआठ झालेले असतील. दार आठला उघडतं. मोठ्या बसगाड्या साडेदहाच्या पुढे येऊ लागतात. त्या आधीचे दोन-अडीच तास म्हणजेच चिचेन इत्झा. त्यानंतर जे उरतं ती जत्रा.

म्हणून माझं मत: पाच जण आहात, चालकासह एक व्हॅन दिवसभरासाठी ठरवा आणि वाटाड्या तिथे दारावर घ्या. दारावर ओळखपत्र लटकवलेले अधिकृत वाटाडे असतात, इंग्रजी बोलणारे मिळतात, पैसे माणशी नाही तर गटाचे. बसपेक्षा महाग पडेल, पण बाबांनी सतरा-अठरा वर्षं वाट बघितली आहे.

तिकिटं दोन असतात, हे लक्षात ठेवा. एक केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं, एक युकातान राज्याचं. एकच घेऊन दाराशी गेलात तर परत रांगेत. दोन्ही मिळून परदेशी माणसाला ६०० पेसोंच्या वर जातात. पेसो रोख जवळ असू द्या. आणि रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो.

आईंच्या गुडघ्याची काळजी इथे करू नका. पिरॅमिडवर चढायला बरीच वर्षं झाली बंदी आहे. चारही बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५, पण त्या खालूनच मोजायच्या. बाकी सगळं सपाट. चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब आहे, त्याच्या भिंतीत उंचावर दगडी कडी बसवलीय, मुलाला ती दाखवा. पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवायला सांगा. प्रतिध्वनी टाळीसारखा येत नाही, पक्ष्याच्या चिरकण्यासारखा येतो. तिथले लोक म्हणतात हा केत्साल पक्ष्याचा आवाज. मुद्दाम तसं बांधलं की पायऱ्यांच्या रचनेमुळे आपोआप झालं, यावर वाद आहे, पोरांना त्याचं काही नसतं. पिरॅमिडच्या पायऱ्यांच्या कडेने उतरणारी सापासारखी सावली मात्र दिसणार नाही. ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना. नाताळात ती दाखवतो म्हणणारा भेटला तर खुशाल चालायला लागा.

पवित्र सेनोटे उत्तरेला पायवाटेने थोडं पुढे आहे. त्यात पोहता येत नाही, काठावरून बघायचं. पाणी हिरवंगार आणि खोल खाली. एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन वकिलातीतल्या माणसाने १९०४ पासून तिथला गाळ उपसला. सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडं निघाली, त्यातलं बरंच हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेलं. आपल्याला हे वाचून काही नवल वाटू नये.

पायऱ्यांचा खरा प्रश्न पोहण्याच्या सेनोटेत आहे. चिचेन इत्झाहून तीनेक किलोमीटरवर इक किल आहे. पाणी जमिनीपासून २६ मीटर खाली, दगडात खोदलेला जिना, आणि तो कायम ओला. आईंनी वरच्या कठड्यावरून बघावं, वरूनच ते जास्त देखणं दिसतं. लोंबत्या मुळ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या असतात.

---

रानमांजर

एवढ्या पहाटे उठून गर्दीतच जायचं तर कोबा का नाही? तेही माया लोकांचं जुनं शहर, जंगलातलं आहे, सावली आहे, आणि आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळतात, आईंना बसवून फिरवता येईल. घड्याळाची भानगडही नाही, ते कॅनकूनच्याच राज्यात आहे.

---

भटकभवानी

रानमांजर, बाबांनी एसेमेस कोबासाठी पाठवले नव्हते :)

---

शेंगदाणा

जेवणाचं मी सांगतो, बारा वर्षं मेक्सिकन लोकांबरोबर काम केलंय. 'कार्ने नाही' एवढं सांगून भागत नाही, कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस किंवा डुकराचं. कोंबडी त्यात येत नाही. आणि खरी गोम घेवड्यात आहे: काळ्या घेवड्याच्या घोटलेल्या उसळीला बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी घालतात. तिला 'मांतेका' म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका, सिन वेवो'. सिन म्हणजे शिवाय, पोयो म्हणजे कोंबडी, वेवो म्हणजे अंडं. पापात्सुलेस नावाचा तिथला प्रसिद्ध पदार्थ भोपळ्याच्या बियांच्या रश्शात असतो, पण आत उकडलेलं अंडं.

मक्याची तोर्तिया मात्र आईंना आवडेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, गरम असताना आपल्या भाकरीची आठवण येते. आणि 'आग्वा दे हमाइका' मागा. लाल, आंबटगोड. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे. आबानेरो मिरचीला सांगलीकर आहोत म्हणून आव्हान देऊ नये.

डबा न्याच. दशम्या, चटणी.

---

दगडधोंडे

सेनोटे म्हणजे काय यावर कुणी लिहिलं नाही म्हणून. अख्खं युकातान चुनखडीचं आहे. पाऊस पडतो तो जमिनीत मुरतो, त्यामुळे उत्तर भागात वर वाहणारी नदीच नाही. पाणी खालून दगड विरघळवत गुहा करतं, कधीतरी गुहेचं छत कोसळतं आणि आतलं पाणी उघडं पडतं. ते सेनोटे. आपल्या काळ्या पाषाणाच्या विहिरी माणसाने खणलेल्या, या आयत्या. म्हणून माया लोकांची गावं सेनोटेच्या काठाने वसली. चिचेन इत्झा या नावाचाच अर्थ इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जी उल्का पडून डायनासोर संपले, तिचं चिक्शुलूब विवर याच भागात जमिनीखाली गाडलेलं आहे, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं. त्याच्या कडेने सेनोटेंचं अर्धवर्तुळ आहे, पण ते मेरिदा शहराच्या बाजूला. तुमच्या वाटेवरची सेनोटे त्या कड्याच्या बाहेरची, वाटाड्याने उल्केशी जोडली तर कौतुकाने ऐकून घ्या. लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं आहे, त्यावरून अंदाज येईल.

---

कृष्णाकाठची

बापरे, केवढी मदत! सगळ्यांचे आभार.

व्हॅनचं नवऱ्याला पटलं. बाबांनी हे सगळं वाचून जाहीर केलंय की तेही पाण्यात उतरणार. ते लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे "विहीर म्हणजे विहीर". त्यांना थोपवायचं की जाऊ द्यायचं? आणि कपड्यांचं राहिलंच.

---

जुनाखोड

जाऊ द्या की! पोहणाऱ्यांना लाइफ जॅकेट बऱ्याच ठिकाणी सक्तीचंच असतं. फक्त वरून उडी नको, आणि पाणी २४-२५ अंशांचं असतं, उन्हातून एकदम शिरलं की श्वास अडकतो. आधी पाय, मग बाकीचं.

---

भटकभवानी

कपड्यांना कुणी विचारत नाही. लेगिंग आणि लवकर वाळणारा टी-शर्ट पुरे. सुती पंजाबी ड्रेस नको, भिजला की पाच किलोचा होतो. पाण्यात जायच्या आधी शॉवर घ्यावाच लागतो, अंगाला सनस्क्रीन, मलम काही चालत नाही. आईंना सांग, आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. मी स्वतः चप्प तेल लावून गेले होते, तिथल्या बाईने मला दोनदा परत धुवायला पाठवलं.

---

सातासमुद्रापार

एक कागदपत्रांचं. आईबाबांच्या पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा आहे ना? मग मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. पण तो अनेक वेळा प्रवेशाचा आहे का आणि परतीच्या तारखेला चालू असेल का ते बघा. मेक्सिकोची फेरी मारली की अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत नव्याने सुरू होते, या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका.

---

कृष्णाकाठची

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पण मदत घेऊन गायब होणाऱ्यांतली नाही मी.

सहाला निघायचं ठरवून सहा वीसला निघालो (आई: "गॅस बंद केला का?" हॉटेलच्या खोलीत गॅस नव्हता). तिथल्या घड्याळाने आठ वाजून पाच मिनिटांनी आत. जुनाखोड, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. पहिला अर्धा तास पिरॅमिडसमोर आम्ही आणि विक्रेते, जे अजून लाकडी मुखवटे मांडत होते. बाबा काही बोललेच नाहीत, हात मागे बांधून चारी बाजूंनी एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "ताज जास्त सुबक आहे. पण हे जास्त हुशार आहे."

वाटाड्या स्वतः माया होता, घरी युकातेक माया बोलणारा. "लोक विचारतात माया कुठे गेले. मी कालच आईकडे जेवलो," म्हणाला. चाक या पाऊसदेवाचं सांगताना त्याने सांगितलं की अजूनही गावात पाऊस लांबला की पूजा मांडतात आणि लहान मुलं मांडवाच्या खांबांशी बसून बेडकासारखी ओरडतात. बाबा एकदम खुलले. आमच्याकडे धोंडी निघते, कडुनिंबाचा पाला बांधलेला पोरगा, मुसळाला बेडूक बांधून दारोदार, डोक्यावर पाणी ओततात, हे सगळं मला मध्ये घालून इंग्रजीत सांगायला लावलं. मुसळाला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, मग बाबांनी कांडून दाखवलं. पुढचा पाऊण तास दोघं बेडकांवरच बोलत होते, वेधशाळेचं गोल बांधकाम घाईत उरकावं लागलं.

इक किलला पावणेअकराला पोचलो. आई वर कठड्यापाशी बसली, बाबा आणि नातू खाली. बाबांनी जॅकेट घालून पाठीवर पडून पोहत तीन फेऱ्या मारल्या. बाहेर आल्यावर ओठ निळे, पण तक्रार एकच, भोपळा बरा होता, हे मानेला काचतं. निघताना बसच्या बस उतरत होत्या, जिन्यावर रांग लागली होती.

वायादोलिदला चौकात डबा खाल्ला. शेंगदाणा, तुमचं वाक्य बाबांनी तीन ठिकाणी म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी मांतेका आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून नुसत्या तोर्तिया आणि अंबाडीचं सरबत घेतलं. आईने ते बाटलीत भरून आणलं. मुलासाठी गाडीवरची मार्केसिता (कुरकुरीत गुंडाळी) मिळाली नाही, ती संध्याकाळीच लागते म्हणे.

चुकलं ते एकच. मुलाला जॅग्वारसारखी गुरगुरणारी मातीची शिट्टी घेऊन दिली. परतीचे दोन तास व्हॅनमध्ये वाघ होता.

---

नवाभिडू

ताई, आम्ही फेब्रुवारीत चाललोय. व्हॅनवाल्याचा नंबर मिळेल का?

---

कृष्णाकाठची

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शिट्टीही हवी असेल तर आमची न्या.